सरासरी ५.१ फॅट, पण कुणाच्या दुधाची? वारंवारता सारणी हातानं करायची रीत

सुट्टीत गावी गेलो की सकाळी किटली घेऊन डेअरीला दूध घालायला जाणं अजून माझ्याकडंच असतं. आमचं गाव पलूस तालुक्यात. संकलन केंद्रावर मशीनला नमुना लावला की फॅट (दुधातल्या स्निग्धांशाचे टक्के) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असे दोन आकडे येतात आणि पावती हातात पडते. एकदा तिथल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं : ‘आजची सरासरी फॅट ५.१’. रांगेत माझ्या पुढं उभ्या असलेल्या म्हातारबांनी फळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “पाच पॉइंट एक? ही कुणाची म्हणायची? गाईची न्हाय, म्हशीची न्हाय.” सगळे हसले. मी सांगलीत पोरांना संख्याशास्त्र शिकवतो. मला हसू जरा उशिरा आलं, कारण म्हातारबांनी जे एका वाक्यात पकडलं ते समजावून द्यायला मला वर्गात दोन-तीन तास लागतात.

त्यांचा प्रश्न सोडवण्याचं साधन म्हणजे वारंवारता वितरण सारणी : आकड्यांचे गट, म्हणजे वर्ग, पाडायचे आणि कुठल्या वर्गात किती आकडे पडले ते मोजून लिहायचं. नववी-दहावीत सगळ्यांनी ती केलेली असते, पण बहुतेकांच्या डोक्यात उरतात त्या फक्त ताळ्याच्या खुणा. सारणी का करायची, वर्ग किती घ्यायचे, ‘४.०’ हा आकडा नेमका कुठं टाकायचा, याची उत्तरं पुस्तकात एकेका ओळीत उरकलेली असतात. खरी गंमत तिथंच आहे, म्हणून मी तिथं रेंगाळणार आहे. वही, पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसा. नुसतं वाचून हे हाताला लागत नाही.

आधी सामग्री

खाली एका सकाळच्या ४० पावत्यांवरची फॅट दिली आहे. आकडे सरावासाठी मीच बेतलेत, कुठल्या केंद्राच्या वहीतले नाहीत. पण आपल्याकडच्या गाई-म्हशींच्या दुधाला जी फॅट लागते, त्याच पट्ट्यातले आहेत.

३.८, ६.५, ४.१, ३.६, ७.२, ४.०, ३.९, ६.८
४.४, ३.७, ५.९, ४.२, ७.९, ३.५, ४.०, ६.२
३.८, ४.६, ७.०, ३.३, ६.७, ४.१, ३.९, ७.४
४.३, ६.१, ३.६, ४.८, ६.८, ३.७, ५.६, ४.०
७.१, ३.४, ४.५, ६.४, ३.८, ७.६, ४.२, ६.६

याला प्राथमिक सामग्री म्हणतात, आणि यातल्या प्रत्येक आकड्याला प्राप्तांक. बेरीज येते २०३.०. तिला ४० नं भागलं की ५.०७५, म्हणजे फळ्यावरची ५.१. गणित बरोबर आहे. आता वरच्या आकड्यांत ५.१ शोधा. ५.० ते ५.५ यांच्यामध्ये एकही पावती सापडणार नाही.

पुढं जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा, जो पुस्तकं सहसा विचारत नाहीत : आपण नेमकं काय मोजतोय? इथं आपण पावत्या मोजतोय. दोन लिटर घालणाऱ्याची पावती एक आणि चाळीस लिटर घालणाऱ्याचीही एकच. शेतकऱ्यांच्या दुधाची प्रत कशी पसरलेली आहे हे बघायचं असेल तर हे ठीक. पण टँकरमध्ये एकत्र झालेल्या दुधाची फॅट हवी असेल तर पावत्यांची वारंवारता कामाची नाही. तिथं प्रत्येक वर्गातल्या लिटरची बेरीज घ्यावी लागेल. सारणी तीच, मोजायची वस्तू वेगळी. हे न ठरवता मोजायला बसलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, त्यात मीही आलो.

आकडे रांगेत लावणं

चाळीस आकडे चढत्या क्रमानं लिहायचे म्हटलं की पोरं कंटाळतात आणि एखादा आकडा हमखास गाळतात. त्यापेक्षा खोड-पान पद्धत वापरा. पूर्णांक म्हणजे खोड, दशांश म्हणजे पान. वहीत डावीकडं एकाखाली एक ३, ४, ५, ६, ७ लिहायचं, उभी रेघ मारायची आणि सामग्री वाचत वाचत उजवीकडं पानं टाकत जायची. शेवटी प्रत्येक ओळ तेवढी क्रमानं लावून घ्यायची :

३ : ३ ४ ५ ६ ६ ७ ७ ८ ८ ८ ९ ९
४ : ० ० ० १ १ २ २ ३ ४ ५ ६ ८
५ : ६ ९
६ : १ २ ४ ५ ६ ७ ८ ८
७ : ० १ २ ४ ६ ९

पानं मोजा : १२, १२, २, ८, ६. बेरीज ४०. कुणी सुटलं नाही. सगळ्यात लहान ३.३, सगळ्यात मोठा ७.९. या दोघांतला फरक ४.६, हा सामग्रीचा विस्तार.

पाचची ओळ किती तोकडी आहे ते बघितलंत? म्हातारबांना मशीनचा छापील कागद लागला नव्हता, तुम्हालाही आता लागणार नाही. पण आपण सारणी नीट करूया, कारण चाळीसच्या जागी चार हजार पावत्या आल्या तर खोड-पान कागदावर मावणार नाही.

वर्ग किती आणि केवढे?

सगळा खेळ इथं आहे. वर्गांची संख्या ठरवायला एक सूत्र आहे, हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ साली मांडलेलं : प्राप्तांकांच्या संख्येचा दहा पाया असलेला लॉगरिदम घ्यायचा, त्याला ३.३२२ नं गुणायचं आणि १ मिळवायचा. ४० चा लॉग १.६०२, म्हणून उत्तर सुमारे ६.३. काहीजण सरळ वर्गमूळ घेतात, तेही ६.३ च येतं. विस्ताराला या संख्येनं भागलं की ४.६ ÷ ६.३, म्हणजे साधारण ०.७.

आता ०.७ चे वर्ग पाडून बघा : ३.३ ते ४.०, ४.० ते ४.७, ४.७ ते ५.४, ५.४ ते ६.१... गणिताला याची काही अडचण नाही. पण ही सारणी डेअरीवरच्या कुणालाही दाखवा, तो पहिल्यांदा हेच विचारेल : “३.५ च्या खाली किती जण गेले?” गाईच्या दुधाचा दर आपल्याकडं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, म्हशीच्या दुधाचा ६.० आणि ९.० धरून. ०.७ च्या वर्गांत ३.५ हा आकडा पहिल्या वर्गाच्या पोटात गडप होतो आणि ६.० चौथ्या वर्गाच्या पोटात. ज्या रेषेवर पैसे ठरतात ती रेषाच सारणीत दिसत नाही.

म्हणून माझा नियम असा : सूत्रानं अंदाज घ्यायचा, पण वर्गाची सीमा तिथं टाकायची जिथं लोक निर्णय घेतात. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सगळं शहर फुटात मोजतं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कुणी रोजच्या पातळीची सारणी करताना ३८ ते ४३ असा वर्ग घेतला, तर इशाऱ्याच्या आतले आणि बाहेरचे दिवस एकाच पोत्यात जातील. ३५–४०, ४०–४५, ४५–५० असे वर्ग घेतले की सारणी वाचणाऱ्याला सामान कधी हलवायला लागतं ते कळतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, म्हणजे वरच्या टोकालाही जागा ठेवायला हवी.

तर आपल्या दुधासाठी वर्ग ०.५ चा, सुरुवात ३.० पासून, शेवट ८.० ला. दहा वर्ग होतात. सूत्रापेक्षा जास्त आहेत, चालेल. चाळीस पावत्यांना यापेक्षा बारीक वर्ग मात्र करू नका. ०.१ चा वर्ग घेतलात तर ३.३ पासून ७.९ पर्यंत ४७ वर्ग होतील, एकेकात शून्य, एक, फार तर तीन. ती सारणी नाही, तीच सामग्री पुन्हा लिहिल्यासारखं आहे.

उलट बाजूची चूक जास्त घातक. वर्ग २ चा घेऊन बघा :

३ ते ५ : २४
५ ते ७ : १०
७ ते ९ : ६

सुबक दिसतं. वाचणारा म्हणेल, कमी फॅटचं दूध जास्त येतं आणि फॅट वाढेल तशी पावत्यांची संख्या उतरत जाते. प्रत्येक आकडा खरा, आणि निष्कर्ष पूर्ण खोटा. मधली ओसाड जागा ५ ते ७ या वर्गानं गिळून टाकली. सारणीचा अहवाल समोर आला की मी आधी वर्गाची रुंदी बघतो, ती याचसाठी.

४.० कुठं टाकायचा?

३.५ ते ४.० आणि ४.० ते ४.५ असे लागून वर्ग असले की ४.० ची पावती दोन्ही दारांत उभी राहते. रीत ठरलेली आहे : खालची वर्गमर्यादा आत, वरची बाहेर. म्हणजे ४.० ही ४.० ते ४.५ मध्ये जाईल. याला असमावेशक पद्धत म्हणतात. वय, गुण अशा पूर्णांकांसाठी शाळेत १०–१९, २०–२९ असे वर्ग घेतात, तिथं दोन्ही मर्यादा आत असतात, ती समावेशक पद्धत. अशा वर्गांचा आयतालेख (प्रत्येक वर्गावर एकेक आयत उभा करून काढलेलं चित्र) काढायचा असेल तर मधल्या फटी बुजवून ते सलग करून घ्यावे लागतात : ९.५–१९.५, १९.५–२९.५. कुठलीही पद्धत घ्या, पण सारणीखाली एक ओळ लिहून ठेवा. दुसरा कुणी मोजायला बसला की त्याची आणि तुमची बेरीज जुळेल.

ताळ्याच्या खुणा

आता मूळ सामग्रीवर परत या (रांगेत लावलेल्या नव्हे) आणि ओळीनं वाचत चला. पहिली ओळ मी सोबत करतो. ३.८ : ३.५ च्या वर्गात एक रेघ. ६.५ : इथं बहुतेकजण चुकतात, ती ६.० ते ६.५ मध्ये नाही, ६.५ ते ७.० मध्ये. ४.१ : ४.० च्या वर्गात. ३.६ : ३.५ च्या. ७.२ : ७.० च्या. ४.० : ४.० च्या वर्गात. ३.९ : ३.५ च्या. ६.८ : ६.५ च्या. ओळ संपली तेव्हा ३.५–४.० मध्ये तीन रेघा, ४.०–४.५ मध्ये दोन, ६.५–७.० मध्ये दोन आणि ७.०–७.५ मध्ये एक. एकूण आठ, ओळीतले आकडेही आठ. असं दर ओळीला तपासलं तर शेवटी ३९ आले म्हणून सगळं पुन्हा मोजायची वेळ येत नाही. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांना छेदून मारायची, म्हणजे पाच-पाचच्या जुड्या पडतात. आणि वाचून झालेला आकडा पेन्सिलनं खोडत चला. एकाच वर्गाचे आकडे सगळीकडून हुडकत बसू नका. त्यात दहा वेळा सामग्री वाचावी लागते आणि दहा वेळा चुकायची संधी मिळते.

पूर्ण सारणी अशी होते. शेवटच्या दोन रकान्यांचं खाली सांगतो.

| फॅटचा वर्ग | वारंवारता | टक्के | वरच्या मर्यादेपेक्षा कमी (संचित) |
|---|---|---|---|
| ३.० – ३.५ | २ | ५.० | २ |
| ३.५ – ४.० | १० | २५.० | १२ |
| ४.० – ४.५ | ९ | २२.५ | २१ |
| ४.५ – ५.० | ३ | ७.५ | २४ |
| ५.० – ५.५ | ० | ०.० | २४ |
| ५.५ – ६.० | २ | ५.० | २६ |
| ६.० – ६.५ | ३ | ७.५ | २९ |
| ६.५ – ७.० | ५ | १२.५ | ३४ |
| ७.० – ७.५ | ४ | १०.० | ३८ |
| ७.५ – ८.० | २ | ५.० | ४० |
| एकूण | ४० | १००.० | |

५.० ते ५.५ ची शून्याची ओळ अजिबात गाळायची नाही. “सर, तिथं काहीच नाही, मग लिहायचं कशाला?” हा प्रश्न मला दरवर्षी येतो. तिथं काहीच नाही ही या सारणीतली सगळ्यात मोठी बातमी आहे.

टक्क्यांचा रकाना म्हणजे सापेक्ष वारंवारता : वर्गाची वारंवारता भागिले ४०, गुणिले १००. संचित वारंवारता म्हणजे वरून खाली बेरीज करत येणं : २, मग २ + १० = १२, मग १२ + ९ = २१. शेवटची संख्या एकूण प्राप्तांकांइतकी आली नाही तर मधे कुठंतरी बेरीज चुकली. या रकान्यातून फटकन उत्तरं निघतात. ४.५ पेक्षा कमी फॅटच्या पावत्या किती? २१, म्हणजे निम्म्याहून जास्त. आणि तरी सरासरी ५.१! चढत्या क्रमानं विसावी पावती ४.३ आणि एकविसावी ४.४, म्हणून मध्यक, म्हणजे रांगेतला बरोबर मधला आकडा, ४.३५. सरासरी आणि मध्यक इतके लांब पडले की आकार सरळसाधा नाही हे समजून जायचं.

आयतालेख

आलेख कागदावर आडव्या अक्षावर फॅट, उभ्या अक्षावर पावत्यांची संख्या. आडवा अक्ष शून्यापासून सुरू करायची गरज नाही. आरंभाशी वाकडीतिकडी खूण करून ३.० पासून घ्या. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच. प्रत्येक वर्गावर तेवढ्या उंचीचा आयत, आयतांमध्ये फट नाही. फट दिसेल ती फक्त ५.० ते ५.५ वर, आणि ती खरी फट आहे. चित्रात दोन टेकड्या दिसतील : डावीकडची उंच आणि आखूड पायथ्याची, उजवीकडची बुटकी आणि पसरट. ५.१ ची सरासरी दोन्हींच्या मधल्या खिंडीत उभी आहे.

आयतांच्या माथ्यांचे मध्यबिंदू जोडले की वारंवारता बहुभुज. तो दोन्ही टोकांना २.७५ आणि ८.२५ वर आणून अक्षाला टेकवायचा, हवेत लटकत ठेवायचा नाही. संचित वारंवारतेचा वक्र काढताना बिंदू वर्गमध्यावर नव्हे, वरच्या मर्यादेवर घ्या (३.५ वर २, ४.० वर १२). तो वक्र ५.० ते ५.५ मध्ये सपाट चालतो, घाट चढताना मधेच पठार लागावं तसा.

वर्ग समान रुंदीचे नसतील तर सावध. देशाच्या कृषी गणनेत जमीनधारणेचे गट असेच असमान आहेत : १ हेक्टरपर्यंत, १ ते २, २ ते ४, ४ ते १० आणि १० च्या वर. समजा एका गावात पहिल्या गटात ६० शेतकरी आहेत आणि ४ ते १० हेक्टरमध्ये १२. दुसऱ्या आयताची उंची १२ घेतली तर तो पहिल्यापेक्षा सहापट रुंद असल्यामुळं कागदावर ७२ चौकटी अडवेल, आणि गाव बागायतदारांनी भरलेलं वाटेल. तिथं उंची म्हणजे वारंवारता भागिले रुंदी : ६० ÷ १ = ६० आणि १२ ÷ ६ = २. आयतालेखात माणसं क्षेत्रफळात मोजायची असतात, उंचीत नाही.

सारणीवरून सरासरी, आणि एक छोटी भानगड

मूळ पावत्या हरवल्या आणि हातात फक्त सारणी उरली, तर प्रत्येक वर्गाचा मध्य घ्यायचा, वारंवारतेनं गुणायचं, बेरीज करायची आणि ४० नं भागायचं. ३.२५ × २ = ६.५, ३.७५ × १० = ३७.५, ४.२५ × ९ = ३८.२५, असं करत बेरीज येते २०५.० आणि सरासरी ५.१२५. खरी होती ५.०७५. ०.०५ चा फरक.

पुस्तक म्हणेल, वर्गीकरणात थोडी माहिती हरवते, एवढा फरक चालायचाच. पण इथं कारण त्याहून नेमकं आहे आणि मला ते फार आवडतं. मशीन एकच दशांश दाखवते. म्हणजे ३.५ ते ४.० या वर्गात प्रत्यक्षात ३.५, ३.६, ३.७, ३.८, ३.९ हे पाचच आकडे येऊ शकतात, आणि त्यांच्या मधोमध आहे ३.७. आपण धरला ३.७५. प्रत्येक वर्गात आपण ०.०५ जास्त मोजलं, म्हणून सरासरीही ०.०५ नं फुगली. मशीननं जवळच्या दशांशात आणलेलं ३.५ म्हणजे खरं ३.४५ ते ३.५५ मधलं काहीही, तेव्हा या वर्गाच्या खऱ्या सीमा ३.४५ ते ३.९५ आणि वर्गमध्य ३.७. तो वापरला की सरासरी बरोबर ५.०७५ येते. इतकं तंतोतंत जुळणं हा योगायोग, पण दिशा बहुधा अशीच असते. परीक्षेत मात्र वर्गमध्य ३.७५ च घ्या, गुण त्याला आहेत.

एक्सेलवर करणार असाल तर

संगणकावर सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी गोष्ट एकच : एक्सेलचं फ्रीक्वेन्सी फंक्शन वरची मर्यादा आत घेतं. आपल्या रीतीच्या बरोबर उलट. त्यातला तयार आयतालेखही तसाच वागतो. आपल्या ४० पावत्या ३.५, ४.०, ४.५ अशा मर्यादा देऊन टाकल्या, तर ३.५–४.० मध्ये १० च्या जागी १२ येतात आणि ४.०–४.५ मध्ये ९ च्या जागी ७. पहिल्या वर्गात २ च्या जागी ३. एकूण ४० च राहतात, म्हणून चूक बेरजेत पकडली जात नाही. आणि डेअरीच्या दृष्टीनं हा फरक लहान नाही : बरोबर ३.५ लागलेला शेतकरी एक्सेलनं ‘३.५ च्या खालच्या’ रांगेत नेऊन बसवला. उपाय सोपा आहे, मर्यादा ३.४५, ३.९५, ४.४५ अशा द्या. एकही पावती सीमेवर उभी राहणार नाही. नाहीतर काउंटइफ्स वापरा आणि अटी स्वतः लिहा : ३.५ किंवा जास्त, आणि ४.० पेक्षा कमी.

दोन टेकड्या दिसल्या, आता काय?

दोन उंचवटे दिसले की पहिला संशय घ्यायचा तो भेसळीचा. दुधातल्या नव्हे, सामग्रीतल्या. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकाच वहीत आल्यात का? इथं उत्तर उघड आहे. पावतीवर गाय की म्हैस तेही असतंच, तो रकाना धरून सारणी फोडा :

| फॅटचा वर्ग | गाय | म्हैस |
|---|---|---|
| ३.० – ३.५ | २ | – |
| ३.५ – ४.० | १० | – |
| ४.० – ४.५ | ९ | – |
| ४.५ – ५.० | ३ | – |
| ५.५ – ६.० | – | २ |
| ६.० – ६.५ | – | ३ |
| ६.५ – ७.० | – | ५ |
| ७.० – ७.५ | – | ४ |
| ७.५ – ८.० | – | २ |
| एकूण | २४ | १६ |

(मघाशी शून्याची ओळ गाळू नका म्हणालो आणि इथं मीच गाळली. वेगवेगळ्या गटांत तिचं काम उरलं नाही, तिनं सांगायचं ते सांगून झालं होतं.)

गाईची सरासरी ९५.२ ÷ २४, म्हणजे सुमारे ३.९७. म्हशीची १०७.८ ÷ १६, सुमारे ६.७४. या दोन्ही सरासऱ्या आपापल्या टेकडीच्या माथ्याजवळ बसतात, म्हणून त्यांना अर्थ आहे.

सापेक्ष वारंवारता खरी कामाला येते ती इथं. गाईच्या दुधात ३.५ च्या खाली २ पावत्या, म्हशीच्या दुधात ६.० च्या खाली २ पावत्या. दोन्हीकडं दोनच, म्हणून दोन्ही सारखंच असं म्हणाल तर फसाल. २४ पैकी २ म्हणजे ८.३ टक्के, १६ पैकी २ म्हणजे १२.५ टक्के. गटांची संख्या वेगळी असेल तेव्हा वारंवारता शेजारी ठेवून तुलना करायची नाही, टक्के ठेवायचे. आणि टक्क्यांशेजारी मूळ संख्याही ठेवायची, कारण सोळातले दोन आणि सोळाशेतले दोनशे दोन्ही १२.५ टक्केच, पण पहिल्यात एका म्हशीची वैरण बदलली तरी टक्केवारी हलते.

प्रत्येक वेळी टेकड्या दोनच निघतील असं नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्याच्या पावसाची सारणी करून बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तिथं बहुतेक केंद्रं खालच्या वर्गांत गर्दी करतात आणि घाटमाथ्याची मोजकी केंद्रं उजवीकडं लांब शेपूट काढतात. अशा ठिकाणी टेकडी फोडायची नसते. शेपूट किती लांब आहे ते सांगायचं असतं, आणि जिल्ह्याच्या सरासरीऐवजी मध्यक द्यायचा असतो.

त्या सुट्टीत परत निघायच्या आदल्या दिवशी मी केंद्रावरच्या पोराला दोन सकाळच्या पावत्या घेऊन ही सारणी करून दाखवली. त्याला टक्के आणि संचित रकाने नको होते, फळ्यावर जागा नव्हती. त्यानं गाय आणि म्हैस असे दोन भाग पाडले, प्रत्येकात तीन-तीनच वर्ग ठेवले आणि गाईला ३.५ ची आणि म्हशीला ६.० ची रेघ तेवढी लाल खडूनं मारली. दुसऱ्या दिवशी म्हातारबा फळ्यापुढं बराच वेळ उभे राहिले. मग लाल रेघेच्या जरा वर बोट टेकवून म्हणाले, “ही माझी.”